जुन्या चाकावर नवी कॅसेट: उजव्या बाजूच्या चार मिलिमीटरचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा: स्टीलची जुनी रोड सायकल आहे, मागचं चाक ७ स्पीडचं, ड्रॉपआउटमधलं (फ्रेमच्या मागच्या, एक्सल बसायच्या खाचांमधलं) अंतर १२६ मिमी. गिअर ९, १० किंवा ११ स्पीडचे करायचे आहेत. रिम सरळ आहे, हब छान फिरतो, म्हणून चाक बदलायची इच्छा नाही. यातलं काय जमतं, कशासाठी काय बदलावं लागतं?

बहुतेक वेळा चाक वाचतं. फक्त तो निर्णय रिमवरून होत नाही आणि गिअरच्या आकड्यावरूनही होत नाही. हबची उजवी फ्लँज (स्पोक अडकतात ती कड) आणि उजवा ड्रॉपआउट यांच्यामध्ये किती जागा आहे, आणि ती जागा वाढवली तर चाकाला काय किंमत मोजावी लागते, यावर तो ठरतो. म्हणून कॅसेट विकत घेण्याआधी व्हर्नियर कॅलिपर हातात घ्या.

फ्रीव्हील की कॅसेट?

सगळ्यात आधी हे ओळखायचं. फ्रीव्हीलमध्ये चक्रं आणि ती मोकळी फिरवणारी यंत्रणा एकत्रच असते आणि हबवर आट्यांनी बसते; कॅसेट म्हणजे नुसती चक्रं, ती यंत्रणा हबमध्येच असते. चाक सायकलीतून काढा आणि चक्रं (मागचे दातेरी गिअर) उलटी फिरवा. मधल्या भागात हत्यार बसवायच्या ज्या खाचा दिसतात, त्या चक्रांबरोबर फिरत असतील तर ती लॉकरिंग (चक्रांना आवळून धरणारी रिंग) आहे, म्हणजे तुमच्याकडे कॅसेट हब आहे. चक्रं फिरली आणि खाचा जागेवरच राहिल्या, तर ते आट्यांवर बसलेलं फ्रीव्हील आहे.

फ्रीव्हील असेल तर उत्तर छोटं आणि काहीसं निराशाजनक आहे. या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे हबच्या कवचातच, म्हणजे फ्रीव्हीलच्या आतल्या टोकाला असतात. तिथून ड्रॉपआउटपर्यंतचा एक्सल नुसता लोंबकळतो. ५ स्पीड आणि १२० मिमीच्या काळात ते चालून जायचं. ७ स्पीडला १२६ मिमीवर एक्सल वाकायला लागतो, आणि ८ किंवा ९ स्पीडचं फ्रीव्हील लावून १३० किंवा १३५ मिमीपर्यंत गेलात तर तो वाकणार, पुढे मोडणारही. अशी फ्रीव्हील मिळतात, म्हणून ती लावावीत असं नाही. फ्रीव्हील हबवर ७ स्पीडलाच थांबा. रॅम्प (चेन पुढच्या चक्रावर चढावी म्हणून घडवलेले उतार) असलेली, नव्या घडणीची ७ स्पीड फ्रीव्हील घ्या. ७ स्पीडचा शिफ्टर आणि ६-७-८ स्पीडची चेन लावली की गिअर नेमके पडतात, आणि बऱ्याच जणांना हवं असतं ते एवढंच.

नवं फ्रीव्हील घेताना आटे तपासा. सर्रास आढळणारे आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४ असतात. जुन्या फ्रेंच हबवर मात्र ३४.७ मिमी व्यास आणि १ मिमी अंतराचे आटे असतात. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. इंग्रजी फ्रीव्हील फ्रेंच हबवर एक-दीड फेरा जाऊन अडकतं. तिथे जोर लावलात तर ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात आणि हब कायमचा गेला. पहिले चार-पाच फेरे हाताने, विनासायास फिरलेच पाहिजेत.

जुनं फ्रीव्हील काढताना हत्यार क्विक रिलीजने (एक्सलमधून जाणाऱ्या, लिव्हरने आवळायच्या सळईने) किंवा एक्सलच्या नटाने जागेवर दाबून धरा, हत्यार व्हाइसमध्ये पकडा आणि चाक स्टीअरिंगसारखं उलट्या दिशेने फिरवा. पाव फेरा सुटल्याबरोबर क्विक रिलीज सैल करा, नाहीतर सुटणारं फ्रीव्हील त्याच्यावरच दाब देत राहतं. दोन खाचांच्या जुन्या फ्रीव्हीलना हे दाबून धरणं विसरलात, तर हत्यार निसटून खाचा गोल होतात आणि मग फ्रीव्हील तोडूनच काढावं लागतं.

इथून पुढचं सगळं कॅसेट हबबद्दल.

फ्रीहबची लांबी

कॅसेट हबच्या ज्या खाचांच्या दंडगोलावर चक्रं सरकतात, ती फ्रीहबची बॉडी. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानोने १९८०च्या दशकाच्या शेवटी हायपरग्लाइड, म्हणजे एचजी खाचा आणल्या आणि त्या अजून चालू आहेत. त्याआधीच्या युनिग्लाइड बॉडीवर नऊही खाचा सारख्या असतात आणि लॉकरिंग नसते. सगळ्यात लहान चक्रच आट्यांवर बसून बाकीच्यांना आवळून धरतं. एचजी चक्राच्या आतला एक दात रुंद असतो, तो कानशीने घासून चक्र युनिग्लाइड बॉडीवर चढवता येतं. पण लॉकरिंगसाठी आतून आटे नसतील तर शेवटचं चक्र जुनंच, आट्यांचं हवं, आणि ती आता शोधून सापडत नाहीत. शक्य असेल तर बॉडीच एचजीची बसवा.

एचजी बॉडीच्या लांब्या तीन. सर्वात आखूड ७ स्पीडची. त्यानंतर ८, ९ आणि १० स्पीडची, तिन्हींना एकच, ७ स्पीडपेक्षा सुमारे ४.५ मिमी लांब. आणि ११ स्पीड रोडची, त्याहून १.८५ मिमी लांब. लांब बॉडीवर आखूड कॅसेट बसवणं सोपं: मागे स्पेसर घाला. ८/९/१० च्या बॉडीवर ७ स्पीडची कॅसेट असेल तर ४.५ मिमी, ११ च्या बॉडीवर ८ किंवा ९ ची असेल तर १.८५ मिमी. शिमानोच्या बहुतेक १० स्पीड रोड कॅसेटना मागे आणखी १ मिमीची चकती लागते. ती कॅसेटच्या डब्यातच येते आणि डब्याबरोबरच फेकली जाते. ती नसेल तर लॉकरिंग पूर्ण आवळूनही चक्रं खुळखुळतात. लोक लॉकरिंगला दोष देतात, दोष चकतीचा असतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. शिमानोच्या ड्युरा-एस ७८०० मालिकेच्या हबवर बॉडीच्या खाचा जास्त उंच आहेत. त्यावर फक्त १० स्पीडच्या कॅसेट बसतात, ८, ९ किंवा ११ च्या नाही. हे चाक जुन्या बाजारात स्वस्तात दिसलं तर त्याचं कारण बहुधा हेच.

खरी अडचण उलट दिशेची: आखूड बॉडी, लांब कॅसेट.

७ स्पीडच्या बॉडीवर ९ पैकी ८ चक्रं

तुमच्या परिस्थितीत मी सगळ्यात आधी हाच मार्ग सुचवीन. यात ना फ्रेमला हात लागतो, ना स्पोकला.

हिशोब असा. ७ स्पीडमध्ये एका चक्राच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत ५ मिमी अंतर असतं: चक्र १.८५, स्पेसर ३.१५. सात चक्रांत सहा अंतरं, म्हणजे ३० मिमी, अधिक एका चक्राची जाडी, एकूण ३१.८५ मिमी. ९ स्पीडमध्ये हेच अंतर ४.३५ मिमी आहे. आठ चक्रं घेतली तर सात अंतरं, ३०.४५ मिमी, अधिक चक्राची जाडी १.७८, एकूण ३२.२ मिमी. फरक तिसरा हिस्सा मिलिमीटरचा. एवढा लॉकरिंग सहज सामावून घेते.

कॅसेट निवडताना मोठी चक्रं एकाच ॲल्युमिनियमच्या पाठीवर जडवलेली असली तरी चालेल, पण लहान तीन-चार चक्रं सुटी हवीत. पूर्ण संच रिव्हेटने किंवा लांब बारीक स्क्रूने जोडलेला असेल तर स्क्रू काढा. रिव्हेट असेल तर मागच्या बाजूची डोकी घासून टाका. हे रिव्हेट ताकद देत नाहीत, फक्त जुळवायला सोपं जावं म्हणून असतात.

मग एक चक्र आणि त्याच्याबरोबरचा एकच स्पेसर काढायचा. कोणतं चक्र? पहिलं, म्हणजे सर्वात लहान, काढू नका. त्याच्या बाहेरच्या तोंडावर लॉकरिंगसाठी बारीक दातेरी नक्षी असते आणि स्पेसरही त्याच्यातच घडवलेला असतो. दुसऱ्या क्रमांकाचं चक्र पहिल्या जागी चालत नाही. १२-१३-१४-१५-१७-१९-२१-२३-२५ अशी कॅसेट असेल तर १३ काढा. उरतात १२-१४-१५-१७-१९-२१-२३-२५, कुठेही दोनपेक्षा जास्त दातांची उडी नाही. ११-१२-१४-१६-१८-२१-२४-२८-३२ मधून १२ काढलात तर ११ वरून थेट १४ येतं. उतारावरच त्याचा उपयोग, म्हणून तेही चालून जातं, पण १२ पासून सुरू होणारी कॅसेट जास्त शहाणपणाची.

लॉकरिंगचा व्यास पहिल्या चक्राला साजेसा घ्या. १२ दातांसाठीची मोठी लॉकरिंग ११ दातांवर लावली तर चेन तिच्या कडेवर चढते आणि ताण दिला की घसरते.

शिफ्टर, चेन आणि कॅसेट तिन्ही ९ स्पीडची. शिफ्टरला नऊ टप्पे आहेत, चक्रं आठ, म्हणजे एक टप्पा रिकामा जाणार. तो लहान चक्राच्या टोकाला ठेवा. तिथे केबल सैल होते, एक टिक वाया जाते, बाकी काही बिघडत नाही. मोठ्या चक्राच्या टोकाला ठेवलात तर डीरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) मर्यादा स्क्रूवर टेकलेला असताना हात नकळत लिव्हर ओढतो, आणि केबलचं डोकं शिफ्टरच्या आत उसवायला लागतं. एल स्क्रू, म्हणजे मोठ्या चक्राकडची मर्यादा ठरवणारा स्क्रू, मात्र काळजीपूर्वक लावा: सर्वात मोठ्या चक्रावर चेन आरामात जावी, पण डीरेलर बोटाने ढकलून पाहिला तरी स्पोकला लागू नये.

बॉडी बदलून ८/९/१० करायची असेल तर

शिमानोच्या बऱ्याच जुन्या हबमध्ये ७ ची बॉडी काढून ८/९/१० ची बसवता येते. सगळ्या बॉडी सगळ्या हबना बसत नाहीत, म्हणून जुनी बॉडी आधी काढून तिची मागची बाजू नव्या बॉडीशी शेजारी ठेवून बघा: कवचात रुतणारे दाते, त्यांची खोली आणि बोल्टचं छिद्र.

कॅसेट काढा. डाव्या बाजूचा कोन (छर्रे ज्याच्यावर फिरतात तो निमुळता नट) १५ मिमीच्या पातळ पान्याने धरून लॉकनट सोडवा, कोन उतरवा आणि एक्सल उजवीकडून ओढून घ्या. छर्रे पाव इंची, दोन्हीकडे नऊ-नऊ. खाली कापड पसरलं नाही तर अठराचे सतरा होतात. बॉडीच्या आत १० मिमी ॲलन कीची खाच दिसेल. हा पोकळ बोल्ट वर्षानुवर्षं आवळलेला असतो. की व्हाइसमध्ये उभी पकडा, चाक वरून तिच्यावर बसवा आणि रिम दोन्ही हातांनी धरून उलटं फिरवा. बॉडी आणि कवच यांच्यामध्ये पातळ वायसर निघाला तर तो परत त्याच जागी गेला पाहिजे. तो विसरला तर बॉडी कवचाला घासते आणि पायडल थांबवलं की चेन वरच्या बाजूने लोंबते.

नवी बॉडी बसवताना बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून ३५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळा. आता एक्सलची मांडणी. उजव्या छर्ऱ्यांची वाटी बॉडीच्या बाहेरच्या टोकात असते, त्यामुळे बॉडी लांब झाली की वाटी आणि कोनही बाहेर सरकतात. वाटी किती खोल आहे हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून डोळे झाकून ४.५ मिमीचा स्पेसर टाकू नका. जुनी बॉडी काढण्याआधीच बॉडीच्या तोंडापासून उजव्या लॉकनटच्या बाहेरच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. नव्या बॉडीवरही तेवढंच आलं पाहिजे. कमी पडलं तर कोन आणि लॉकनट यांच्यामध्ये स्पेसर घाला. अंतर कमी राहिलं तर सर्वात लहान चक्रावर चेन फ्रेमला घासते.

हबची एकूण रुंदी आता १३० मिमीच्या आसपास येते. १२६ च्या हबमधला एक्सल साधारण १३७ मिमी लांब असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना ५.५ मिमी बाहेर. रुंदी १३० झाली की तोच एक्सल ३.५ मिमीच उरतो. चाक लागतं, पण ड्रॉपआउटमध्ये त्याला टेकायला जागा अपुरी पडते. १४१ मिमीचा एक्सल घ्या. जास्त लांबही नको. तो ड्रॉपआउटच्या जाडीपेक्षा पुढे आला तर क्विक रिलीज फ्रेमऐवजी एक्सलच आवळतो आणि चाक निसटू शकतं.

कोन आवळताना अगदी किंचित खेळ राहू द्या. क्विक रिलीज बंद केल्यावर एक्सल दाबला जातो आणि तो खेळ नाहीसा होतो. बाकावर ठेवून शून्य खेळ लावलेला हब सायकलीत गेल्यावर जड फिरतो आणि वाट्यांना खड्डे पाडतो.

चाकाला मोजावी लागणारी किंमत

४ मिमी उजवीकडे वाढले की दोन लॉकनटचा मध्य २ मिमी उजवीकडे सरकतो. रिम जिथल्या तिथे आहे, म्हणजे ती आता फ्रेमच्या मध्यापासून २ मिमी डावीकडे दिसणार. तिला २ मिमी उजवीकडे आणावं लागतं. लोक ब्रेक सरकवून हे झाकतात. तसं करू नका, सायकल वाकडी चालते.

समजा तुमच्या हबची उजवी फ्लँज मध्यापासून २० मिमी आणि डावी ३५ मिमी आहे. रिम मध्यात स्थिर राहायला दोन्ही बाजूंची आडवी ओढ सारखी लागते, म्हणून डाव्या स्पोकचा ताण उजव्याच्या साधारण २०/३५, म्हणजे ५७ टक्के असतो. उजवीकडे ४ मिमी वाढवून रिम मध्यात आणल्यावर फ्लँज होतात १८ आणि ३७ मिमीवर, आणि डावा ताण ४९ टक्क्यांवर येतो. डावे स्पोक जेवढे ढिले, तेवढे ते प्रत्येक फेऱ्यात जवळजवळ मोकळे होतात, निपल (रिमकडचे स्पोकचे नट) सुटत जातात आणि कोपरात स्पोक तुटायला लागतो. डाव्या बाजूचे स्पोक तुटतात ते बरेचदा त्यामुळेच.

हाच हिशोब उलटा करून पाहा. ७ स्पीडची बॉडी तशीच ठेवली, ९ पैकी ८ लावली, आणि फ्रेम १३० मिमीची असल्यामुळे रुंदी वाढवणं भागच असेल, तर चारही मिलिमीटर डावीकडे घाला. फ्लँज २२ आणि ३३ मिमीवर येतात, डावा ताण ६७ टक्के. चाक आधीपेक्षा मजबूत झालं. दोन गिअर कमी मिळाले म्हणून कोणी थांबलं नाही, पण सामान लादून लांब जाणाऱ्याला तुटलेला स्पोक नक्की थांबवतो.

रिम सरकवण्यासाठी नवे स्पोक लागत नाहीत. २ मिमीसाठी डावे स्पोक जेमतेम पाव मिमी लांब आणि उजवे त्याच्या निम्म्याने आखूड व्हावे लागतात. निपलच्या एका फेऱ्यात साधारण ०.४५ मिमी जातात. म्हणजे सगळे डावे निपल अर्धा फेरा सैल, सगळे उजवे पाव फेरा घट्ट, आणि मग डिशिंग गेजने (रिम मधोमध आहे का हे दाखवणाऱ्या हत्याराने) तपासणी. गेज नसेल तर चाक सायकलीत उलटसुलट बसवून रिम दोन्ही वेळा सीट स्टेपासून (सीटकडून मागच्या एक्सलकडे येणाऱ्या नळ्यांपासून) सारख्याच अंतरावर येते का ते बघा. जुने निपल कोरडे आवळू नका. प्रत्येकाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडून तासभर थांबा. नाहीतर निपल गोल होतो किंवा स्पोक पिळतो, आणि पिळलेला स्पोक पहिल्याच चढावर टणटण आवाज करत उलगडतो आणि चाक पुन्हा आउट. आउट काढून झाल्यावर समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत धरून जोरात आवळा, सगळीकडे, दोन्ही बाजूंनी, आणि मग शेवटचं तपासा.

फ्रेम रुंद करणं

हे फक्त स्टीलसाठी. ॲल्युमिनियम आणि कार्बनची फ्रेम वाकवायची नाही, २ मिमीही नाही.

१२६ मध्ये १३० चं चाक हाताने ओढून बसतं, प्रत्येक बाजूला २ मिमीच तर हवेत. पण मग ड्रॉपआउट समांतर राहत नाहीत आणि एक्सलवर कायमचा वाकडा ताण येतो. पंक्चर रस्त्यात काढताना तीन हात लागतात, ते वेगळंच. नीट करायचं तर दोन्ही बाजू स्वतंत्र वाकवा. आट्यांची सळई आणि दोन नट घेऊन मधोमध पसरवण्याचा उपाय सोपा वाटतो, पण त्यात जी नळी कमजोर तीच जास्त वाकते आणि मागचा भाग एका बाजूला जातो.

मागचा भाग मधोमध आहे का हे दोऱ्याने बघा: हेडट्यूबपासून (हँडल बसतं त्या नळीपासून) दोरा निघून एका ड्रॉपआउटच्या बाहेरून वळसा घेऊन दुसऱ्याच्या बाहेरून परत हेडट्यूबला आला पाहिजे. सीटट्यूबपासून दोऱ्याचं अंतर दोन्हीकडे मोजा. मग फ्रेम घट्ट धरून लाकडी लांब दांडक्याने एक बाजू हळूहळू बाहेर ढकला. स्टील परत येतं, म्हणून २ मिमी कायमचे मिळवायला त्याहून बरंच पुढे न्यावं लागतं; थोडं ढकला, सोडा, मोजा, पुन्हा ढकला. दोऱ्याची दोन अंतरं अर्ध्या मिमीच्या आत आली की थांबा. चेनस्टे (पायडलकडून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या नळ्या) आणि ब्रेकच्या आडव्या पट्टीचे सांधे भिंगाने तपासा. रंगात केसाएवढी भेग दिसली तर काम तिथेच थांबवा. शेवटी ड्रॉपआउट समांतर करा आणि डीरेलरचा हँगर (डीरेलर टांगायची पट्टी) गेज लावून सरळ करा. हा शेवटचा भाग लोक सोडतात. ७ स्पीडला जो हँगर सरळ वाटत होता तो १० स्पीडला वाकडा निघतो, कारण चक्रांतलं अंतर ५ मिमीवरून ३.९५ वर आलेलं असतं.

११ आणि त्यापुढे

८/९/१० च्या बॉडीवर ११ स्पीडची रोड कॅसेट १.८५ मिमीने बाहेर राहते आणि लॉकरिंगचे आटे जेमतेम पकडतात. जोर लावून बसवलेली अशी लॉकरिंग थोड्याच दिवसांत सुटते. यावर सर्वात साधा उपाय म्हणजे कॅसेट निवडणं. शिमानोची ११-३४ रेंजची ११ स्पीड कॅसेट, सीएस-एचजी८०० किंवा सीएस-एचजी७००, मोठं चक्र स्पोकच्या बाजूला झुकवून घडवलेली आहे आणि १० च्या बॉडीवर थेट बसते. माउंटन बाइकच्या ११ स्पीड कॅसेटही तशाच. ३४ दातांसाठी डीरेलरचा पिंजरा पुरेसा लांब हवा, एवढं बघा. दुसरा उपाय, ११ पैकी १० चक्रं, वरच्याच पद्धतीने. लेथवर कॅसेटची पाठ १.८५ मिमी तासणं हाही मार्ग आहे, पण मोठं चक्र स्पोकजवळ येतं आणि चूक झाली तर कॅसेट गेली.

मॅविकच्या बऱ्याच जुन्या चाकांवर बॉडी आधीपासूनच लांब आहे; १० च्या कॅसेटमागे मॅविकची स्वतःची चकती असायची. ती काढली की ११ बसते. चाक विकण्याआधी ती चकती शोधा.

शिमानोच्या १२ स्पीड रोड कॅसेट ११ च्या एचजी बॉडीवर बसतात. माउंटनच्या १२ ला मायक्रो स्प्लाइन बॉडी लागते, आणि स्रॅमच्या १० दातांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटना एक्सडी किंवा एक्सडीआर बॉडी. १० दाती चक्र एचजी बॉडीवर बसूच शकत नाही, बॉडीच त्याच्यापेक्षा जाड आहे. हबला अशी बॉडी मिळत असेल तरच तिकडे जा. डीटी स्विसच्या रॅचेट हबना मिळते आणि टोपण ओढून हाताने बदलता येते. नाहीतर स्रॅम एनएक्स ईगलची ११-५० ही १२ स्पीड कॅसेट साध्या एचजीवर बसते. जड आहे, पण बसते. कँपॅग्नोलोच्या खाचा वेगळ्याच, तरी ११ स्पीडमध्ये दोघांची अंतरं इतकी जवळ आहेत की शिमानो ११ चं चाक कँपॅग्नोलो ११ च्या सायकलीत काही न बदलता चालतं.

थ्रू एक्सल आणि डिस्क ब्रेक असलेल्या नव्या फ्रेममध्ये जुनं क्विक रिलीज, रिम ब्रेकचं चाक न्यायचा विचार सोडून द्या.

रिम ठेवा, हब बदला

फ्रीव्हील हब असेल आणि ९-१० स्पीड हवेच असतील, तर जुन्या रिमवर नवा कॅसेट हब हा सरळ मार्ग. आधी रिमची ब्रेक लागणारी भिंत बोटाने चाचपा. ती खोलगट झाली असेल तर तिच्यावर नवे स्पोक खर्च करू नका. छिद्रं मोजा: ३६ छिद्रांच्या रिमला ३६ चाच हब. कडेला आतून टायर धरणारा हूक नसलेल्या, सरळ भिंतीच्या जुन्या रिमला जास्त हवेचा टायर नको, तो उडतो.

जुने स्पोक नव्या हबला बहुधा जुळत नाहीत. लांबी काढायची रीत अशी: रिमच्या प्रभावी व्यासाची (रिममध्ये स्पोक जिथे संपतात त्या वर्तुळाच्या व्यासाची) निम्मी लांबी, फ्लँजच्या छिद्रवर्तुळाची त्रिज्या आणि फ्लँजचं मध्यापासूनचं अंतर या तिन्हींच्या वर्गांची बेरीज, तीतून पहिल्या दोन त्रिज्या, २ आणि कोनाचा कोसाइन यांचा गुणाकार वजा, वर्गमूळ, त्यातून स्पोकच्या छिद्राचा निम्मा व्यास वजा. ३६ छिद्रं आणि तीन क्रॉस (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकना ओलांडतो) असले की कोन ६० अंश, कोसाइन अर्धा. प्रभावी व्यास ६१०, छिद्रवर्तुळ ४५, उजवी फ्लँज १८, डावी ३७, छिद्र २.६ मिमी धरलं तर उजवा स्पोक २९३.६ आणि डावा २९५.४ मिमी येतो. २९३ आणि २९५ घ्या. प्रभावी व्यास तक्त्यातून उचलू नका. दोन जुने स्पोक कापून, निपल लावून, रिममध्ये समोरासमोर ओढून स्वतः मोजा.

केबलची ओढ

चाक जमलं तरी शिफ्टर आणि डीरेलरचं गणित वेगळं आहे. शिमानोचे ६ ते ९ स्पीडचे डीरेलर आणि बहुतेक १० स्पीड रोडचे डीरेलर केबलच्या ओढीला सारखाच प्रतिसाद देतात, त्यामुळे तुमचा जुना ७ स्पीड डीरेलर ९ च्या शिफ्टरबरोबर चालतो. जुन्या ड्युरा-एसचा ७४०० मालिकेचा डीरेलर याला अपवाद. १० स्पीड माउंटन आणि ११ स्पीड रोड यांची ओढ बदलली आहे. तिथे शिफ्टर आणि डीरेलर एकाच पिढीचे घ्या. फ्रिक्शन, म्हणजे टप्पे नसलेला, शिफ्टर असेल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा. आवळताना टकटक असा दातेरी आवाज आला पाहिजे. मग सर्वात मोठं चक्र दोन बोटांनी हलवा. ते जराही हललं तर मागे चकती कमी आहे. पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर लॉकरिंग, कोन आणि डाव्या बाजूचे स्पोक पुन्हा एकदा बघा. रिमला हात लागलेला असेल तर निपल थोडे बसतात आणि अर्धा मिमी आउट निघतो. नव्या चक्रांवर जुनी, ताणलेली चेन मात्र लावू नका. पहिल्या हजार किलोमीटरमध्येच ती तीन लहान चक्रं खाऊन टाकते.